एवीतेवी टाकी घेतोच आहोत तर…

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी जितकी मोठी, तितकी ती सांभाळायला सोपी. हे या छंदातलं पहिलं सत्य आहे आणि सर्वांत महागडंही. पाणी थोडं असलं की एखादा मासा खडकामागे मरून पडतो, एखादा हीटर चालू अवस्थेत अडकतो, पाहुण्यांचं गोड बाळ प्रेमाने अर्धी डबी खाद्य ओततं आणि आपण महिनोन्‌महिने जमवून आणलेला समुद्र संध्याकाळपर्यंत नासतो. पाणी भरपूर असलं की तो नासायला दोन दिवस घेतो आणि तेवढ्यात माणूस ऑफिसातून घरी पोचू शकतो. म्हणून ज्याला छोटी टाकी सांभाळता येत नाही, त्याला या छंदातले जाणते एकच उपाय सांगतात : मोठी घे. स्कूटर धड न चालवता येणाऱ्याला ट्रक घ्यायला सांगणारा सल्लागार मला आयुष्यात दुसरीकडे कुठे भेटलेला नाही. पण सल्ला पटतो. कारण ट्रक आपल्याला आधीपासून हवाच असतो.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. दिवाणखान्यात चाळीस गॅलनची, म्हणजे दीडशे लिटरची, रीफ टाकी आहे. आत थोडी प्रवाळं, दोन क्लाउनफिश, एक कोळंबी, काही गोगलगाई आणि ऐप्टेशिया. ऐप्टेशिया मी विकत आणलेलं नाही. ते एका खडकाला चिकटून आलं. दिसायला नाजूक, तपकिरी, फुलासारखं. उपटायला जावं तर तुटलेल्या तुकड्यातुकड्याचं नवं उगवतं आणि शेजारच्या प्रवाळाला डसतं. त्याला खाणारी कोळंबी मिळते म्हणून ती आणली. ती आल्यापासून माशांचं खाद्य खाते आणि ऐप्टेशियाच्या सावलीत बसते.

मोठ्या टाकीचा विषय घरात काढायला सबळ कारण हवं होतं. ते पिवळ्या टँगने दिलं. हा मूळचा हवाईचा मासा, पिकल्या लिंबाच्या रंगाचा. २०१७ साली तिथल्या न्यायालयाने मासे पकडण्याच्या परवान्यांना लगाम घातला, तेव्हापासून त्याचा भाव चढला आणि अर्थातच माझी त्याच्यावरची माया वाढली. आता तो हॅचरीत वाढवलेलाही मिळतो. अडचण एवढीच, की हा प्राणी दिवसभर येरझारा घालतो आणि जाणकारांच्या मते त्याला सहा फूट लांबीची टाकी लागते.

"मग नको आणूस," बायको म्हणाली.

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो ऐकलाच नाही. चाकरमानी काकांच्या लालबागच्या खोलीत नऊ जणांत आडवा झोपून मी इंजिनियर झालो, पण चार औंसांच्या माशाची सहा फुटांखाली कुचंबणा होते, हे मला मनापासून पटलं होतं. आपल्या मुलांबद्दल आपण एवढा विचार करत नाही. मुलगी हे ऐकत होती. तिने स्वतःच्या खोलीची लांबी मोजायला टेप मागितली.

सुरुवातीला मी पंचाहत्तर गॅलनचंच बोललो होतो, हे इथे नोंदवून ठेवतो. हॉबोकनचा एक तेलुगू मित्र या विषयात माझा गुरू आहे. त्याच्या घरात एवढ्या टाक्या आहेत, की सोफा कुठल्या खोलीत होता हे आता त्यालाही आठवत नाही. तो म्हणाला, "पंचाहत्तर घेणारा वर्षभरात एकशेवीसवर येतो. एवीतेवी घेतोच आहेस तर आत्ताच एकशेवीस घे." बरोबर होतं. पण एकशेवीस गॅलनची टाकी भरते चार फूट. टँगला लागतात सहा. सहा फुटी, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घेतली की ती आपोआप एकशेऐंशी गॅलनची होते. यात माझा हात कुठेच नाही. हा निव्वळ भूमितीचा दोष आहे.

मग मी वजन काढलं. खारं पाणी गॅलनला साडेआठ पौंड भरतं. एकशेऐंशी गॅलनचे झाले पंधराशे पौंड. नुसती काच साडेतीनशेच्या आसपास. वर खडक, वाळू, खालचं कपाट, कपाटातली दुसरी टाकी. बेरीज टनापाशी येऊन थांबली. अमेरिकेत घरं लाकडाची असतात आणि राहत्या खोलीची जमीन साधारण दर चौरस फुटाला चाळीस पौंडांचा हिशेब धरून बांधतात. माझी टाकी बसणार बारा चौरस फुटांवर. भागाकार केला. उत्तर एकशेऐंशीच्या पुढे गेलं. पुन्हा केला. भागाकाराचं उत्तर रागाने बदलत नाही.

सुताराला बोलावलं. तो खाली बेसमेंटमध्ये गेला, छताच्या तुळया टॉर्चने पाहिल्या आणि विचारलं,

"वर काय ठेवणार?"

"मासे."

"किती?"

"सात-आठ."

"वजन?"

"माशांचं?"

"सगळ्याचं."

मी सांगितलं. त्याने टॉर्च विझवला. थोडा वेळ अंधारात आम्ही दोघं नुसते उभे होतो. मग तो म्हणाला, "गाडी ठेवायला गॅरेज आहे ना तुमच्याकडे?"

शेवटी तोडगा निघाला. टाकी तुळयांना आडवी, बाहेरच्या भिंतीलगत ठेवायची, म्हणजे भार जास्त तुळयांवर वाटला जातो, आणि खालून बेसमेंटमध्ये लोखंडी खांब द्यायचे. मग खांब देतोच आहोत तर टाकीखालची दुसरी टाकी, जिला सम्प म्हणतात, ती वर कपाटात कशाला? जमिनीला भोक पाडून पाइप खाली घेऊ, सगळी यंत्रं बेसमेंटमध्ये ठेवू, दिवाणखान्यात आवाज नको. पाइप खाली आणतोच आहोत तर तिथे एक मोरी हवी. मोरी आली की नळ आला. नळ आला की प्लंबर आला. पंप, हीटर, दिवे, स्किमर हे सगळं एका प्लगवर चालत नाही, म्हणजे स्वतंत्र सर्किट, म्हणजे इलेक्ट्रिशियन. २०१२ साली सँडी वादळ आलं, तेव्हा या राज्यात लाखो घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. वीज गेली की पाणी हलायचं थांबतं, पाणी थांबलं की प्राणवायू संपतो. म्हणजे जनरेटर. मालवणात कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास केलेला मी, माशांचे दिवे जातील म्हणून जनरेटरची माहितीपत्रकं वाचत रात्री जागत होतो.

वरचं पाणी खाली कसं येणार, याच्याही पद्धती आहेत. मी निवडलेल्या पद्धतीचं नाव 'बीन ॲनिमल'. त्यात तीन पाइप असतात. एक पूर्ण भरून वाहतो, दुसरा उरलंसुरलं वाहून नेतो, तिसरा कोरडा राहतो. तो संकटकाळासाठी.

"संकट येणार हे आधीच ठरलंय का?" बायकोने विचारलं.

"खबरदारी म्हणून."

"मग खबरदारी म्हणून टाकीच नको घेऊ."

याच सुमारास आई मालवणहून सहा महिन्यांसाठी आली. आईला मासे कळतात. बाजारात गेल्यावर कोळणीच्या टोपलीत नुसतं बोट लावून मासा कधी मेला आणि का मेला, हे ती सांगू शकते. जिवंत माशांशी मात्र तिचा कधी संबंध आला नव्हता. मी तिला स्क्रीनवर पिवळा टँग दाखवला.

"ह्यो केवढ्याक?"

मी आकडा सांगितला. तिने मनातल्या मनात रुपये केले आणि पदर तोंडाला लावला.

"आणि ह्यो खावचो नाय?"

"नाय गे आये."

"मगे हाडतंस कित्याक?"

समुद्र कसा बनवतात, हेही तिला दाखवलं. आधी नळाचं पाणी आरओ आणि वर डीआय नावाच्या गाळण्यांतून काढायचं, त्यातलं असलं नसलं सगळं काढून टाकून मीटरवर शून्य आणायचं. मग त्यात बादलीने विकत आणलेलं खास मीठ घालायचं, एक लिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास. मग पंप लावून ढवळायचं. मग विशिष्ट गुरुत्व १.०२६ आलं का ते दुर्बिणीसारख्या नळीत पाहायचं. आई शांतपणे बघत होती. तिच्या घराच्या मागल्या दाराने समुद्र दिसतो, तो तिने जन्मात कधी ढवळलेला नाही.

"मीठ इकत घेवन दर्या करतंस?" एवढंच म्हणाली.

पण खरी ठिणगी पडली ती कोळंबीवरून. नवी टाकी सुरू करताना त्यात लगेच मासे सोडता येत नाहीत. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच मारतो. त्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी खडकांत आणि वाळूत वसावे लागतात. त्याला महिना-दीड महिना जातो. त्या जिवाणूंना सुरुवातीला खायला काहीतरी हवं, म्हणून जुने जाणते लोक रिकाम्या टाकीत दुकानातली एखादी कोळंबी टाकून ती कुजू देतात. हे मी जेवणाच्या टेबलावर सहज सांगितलं. आईचा घास हातातच राहिला.

"सुंगटां कुजत घालतंस?"

"एकच गे. शास्त्रासाठी."

"शास्त्रासाठी!" असं म्हणून ती उठली, फ्रीजरमधल्या कोळंबीच्या पिशव्या मोजल्या आणि खालच्या कप्प्यात मटाराखाली लपवून ठेवल्या. त्या अजून मला सापडलेल्या नाहीत.

तिला मदत करायचीही इच्छा होती. जुन्या टाकीतला एक खडक मी बादलीत काढून ठेवला होता, त्यावर ऐप्टेशिया आणि काही बटणांसारखी प्रवाळं होती. ती मोठं पातेलं घेऊन आली. "गरम पाण्यात उकळून काढतंय, निर्मळ होतला." मी जिन्यावरून अक्षरशः उडी मारली. या बटणांपैकी काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, निसर्गातल्या अतिजहाल विषांपैकी एक. असे खडक उकळल्याने उठलेल्या वाफेमुळे अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेली आहेत. हे मी धापा टाकत समजावून सांगितलं. बायको शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "हे विष आपल्या दिवाणखान्यात किती महिने आहे?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आईने मला आठवण करून दिली, की प्रवाळ बघायला अमेरिकेत यायची गरजच नव्हती. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ती आहेत, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, पर्यटक लांबून लांबून येऊन नळ्या तोंडात धरून पाण्यात डोकी घालतात. आपल्या देशात प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. "किल्ल्यामागे ह्यां फुकट दिसता," ती म्हणाली. मी बारावीपर्यंत त्याच पाण्यात डुंबलो. खाली काय आहे हे एकदाही पाहिलं नाही. ते पाहायला मला मॉर्गेज लागलं.

इथे प्रवाळाचे तुकडे मिळतात, त्यांना फ्रॅग म्हणतात. नखाएवढा तुकडा, सिमेंटच्या बुचावर चिकटवलेला. बटणवाली प्रवाळं तर मुंडीगणिक विकतात. दर मुंडीला अमुक डॉलर. रंग जितका भडक आणि नाव जितकं आचरट, तितका भाव वर. एका सुप्रसिद्ध जातीचं नाव 'होमरेकर' आहे आणि तिच्या एका छोट्या तुकड्याला शेकडो डॉलर मोजणारे लोक आहेत. नाव ठेवणाऱ्याने प्रामाणिकपणे धोक्याची सूचना दिली आहे, असं माझं मत आहे. शिवाय ही दगडासारखी बसलेली मंडळी रात्री लांब तंतू बाहेर काढून शेजाऱ्याला डसतात, त्यामुळे कोण कोणाशेजारी बसणार याचा नकाशा आधी करावा लागतो. लग्नात रुसव्याफुगव्यांच्या नातेवाइकांची पंगत लावणाऱ्या माझ्या आत्याला मी या कामी घेणार होतो, पण व्हॉट्सॲपवर तिचा एकच निरोप आला : मुलीच्या लग्नाचं काय?

खर्चासाठी मी एक्सेल केलं. त्यात दोन पानं होती. एक खरं आणि एक घरी दाखवायचं. या छंदातला प्रत्येक नवरा अशी दोन पानं ठेवतो आणि त्याची एकच भीती असते : आपण अचानक गेलो, तर बायको सगळं सामान दुसऱ्या पानावरच्या भावाने विकेल. खऱ्या पानावर पाहिलं तर टाकी ही सर्वांत स्वस्त वस्तू निघाली. दिवे टाकीपेक्षा महाग, यंत्रं दिव्यांपेक्षा महाग आणि माणसं यंत्रांपेक्षा महाग. टँग चाळिसाव्या ओळीवर होता.

दिव्यांचंही एक प्रकरण झालं. प्रवाळाच्या पेशींत शेवाळ राहतं आणि त्याला उजेड लागतो, मुख्यतः निळा. नवे दिवे मी आधीच मागवले आणि चाचणीसाठी बेसमेंटमध्ये लावून पाहत होतो. चार रात्री खालच्या खिडकीतून निळाजांभळा प्रकाश बाहेर पडला. पाचव्या दिवशी शेजारी कुंपणापाशी आला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "पीक कसं आहे?" न्यू जर्सीत गांजा दुकानात मिळतो, पण घरी लावायला बंदी आहे. मी म्हटलं, "कोरल आहे." त्याने समजूतदारपणे डोळा मारला. "आम्ही पण तरुण होतो," म्हणाला आणि गेला.

घरातलं वातावरण मात्र तापमानावरून बिघडलं. आमच्याकडे हिवाळ्यात थर्मोस्टॅट अडुसष्टवर असतो. तो माझा नियम. कोणी वाढवला की मी गॅसचं बिल मोठ्याने वाचतो. टाकीचं पाणी अठ्ठ्याहत्तरवर ठेवावं लागतं. हे बायकोला आतापर्यंत माहीत नव्हतं. नव्या टाकीसाठी मी दोन हीटर घेणार होतो, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. त्यांचं पत्रक तिच्या हाती लागलं.

"म्हणजे माशांना अठ्ठ्याहत्तर आणि आम्हाला अडुसष्ट?"

"ते उष्ण कटिबंधातले आहेत."

"मी धुळ्याची आहे."

त्या रात्रीपासून थर्मोस्टॅट बाहत्तरवर आहे. मी बिल मनात वाचतो.

सगळं ठरल्यावर मी एका रविवारी सकाळी घरच्यांना एकत्र बसवलं आणि योजना मांडली. सुतार येणार, प्लंबर येणार, इलेक्ट्रिशियन येणार. जमीन उघडणार, बेसमेंटचं छत उघडणार. एवीतेवी हे लोक येतातच आहेत, तर छोटी टाकी करण्यात काय हशील, मोठीच करावी, असा माझा युक्तिवाद होता. मी तो चांगला वाक्यावाक्याने रचला होता. बायको पूर्ण ऐकून घेत होती, मान डोलवत होती. मला वाटलं, जमलं.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "एवीतेवी सुतार येतोच आहे, प्लंबर येतोच आहे, वीजवाला येतोच आहे, तर किचन का नाही?"

मी तोंड उघडलं. पण आजवर मी वापरलेली सगळी वाक्यं तिच्या बाजूने उभी होती. छोटं करण्यात हशील नाही, हेच मी म्हणत होतो. नंतर परत फोडाफोडी नको, हेच मी म्हणत होतो. आई म्हणाली, "चूल व्हयीच," आणि ठराव मंजूर झाला. मुलीने "एवीतेवी माझी खोली" म्हणून उपसूचना मांडली, ती पुढच्या बैठकीवर ढकलली आहे.

आता किचनमध्ये क्वार्ट्‌झचा ओटा आहे, सहा बर्नरची शेगडी आहे आणि मासे तळले तरी वास वरच्या मजल्यावर जात नाही असा पंखा आहे. बेसमेंटमध्ये लोखंडी खांब आले आहेत, मोरीही आली आहे, पण तिथे सध्या आईची लोणच्याची बरणी आहे. आरओचं यंत्र दिवसाला पंचाहत्तर गॅलन पाणी देतं, म्हणजे मोठी टाकी आणि सम्प भरायला जवळपास तीन दिवस. त्या तीन दिवसांत वॉशिंग मशीन वापरायचं नाही, असा माझा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे. जुनी चाळीस गॅलनची टाकी विकून पैसे उभे करायचे ठरलं होतं. पण नवे मासे आधी चार-सहा आठवडे वेगळे ठेवायचे तर दुसरी टाकी लागतेच, म्हणून ती राहणार आहे. हे घरी अजून सांगायचंय.

नवी टाकी मात्र आली आहे. गॅरेजमध्ये आहे, पुठ्ठ्यात. गाडी बाहेर बर्फात आहे. साडेतीनशे पौंडांची काच दारातून आत घ्यायची, दोन पायऱ्या चढवायच्या आणि वळणावर भिंतीला न लावता खांबांच्या बरोबर वर ठेवायची आहे. त्यासाठी पाठ धड असलेली सहा माणसं हवीत. एडिसन, इझेलिन, पिस्कॅटवे परिसरातल्या वाचकांनी येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता यावं, चामड्याचे हातमोजे आपापले आणावेत. दुपारी नव्या किचनमध्ये आईच्या हातचं सुरमईचं कालवण आणि भात आहे. कोळंबी मिळणार नाही, ती कुठे आहे ते फक्त आईला माहीत आहे.